तीन लाईट, चार भोकं, नऊ दिवस

आमचं उदगीरचं घर आजोबांच्या काळातलं, मुळात माळवदाचं. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला आणि डोक्यावर माती नको म्हणून वडिलांनी ती उतरवून वर पत्रे टाकले. खालचं छत मात्र राहू दिलं. लाकडी रिपा, रिपांना ठोकलेली जाळी आणि जाळीवर चुन्याचा गिलावा. त्यातल्याच एका खोलीचं पुढं बाथरूम झालं. उजेड म्हणाल तर दाराजवळ होल्डरला एक बल्ब. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी नळाच्या कोपऱ्यात फरशी ओली आहे की कोरडी, ते तिला कळेना. म्हणून छतात बसणारे तीन लाईट घ्यायचं ठरलं.

वायरिंगला काही त्रास झाला नाही. वायरमन पोराने दीड चौरस मिमीच्या वायरी अर्थिंगसकट पत्र्याखालच्या पोकळीतून अर्ध्या दिवसात ओढल्या. अडलं ते भोकात.

दुकानात मी विचारलं होतं, "चुन्याच्या छतात बसतील ना?"

"सर, कुठंबी बसतंय की!"

खोक्यावर भोकाचं माप 95 मिमी लिहिलेलं. मी तेवढंच वाचलं. त्याच्या खाली बारीक अक्षरात छताची जाडी 5 ते 20 मिमी असं होतं, ते वाचलं भोकं पाडून झाल्यावर. हे लाईट जिप्सम बोर्डासाठी केलेले असतात आणि तो बोर्ड साधारण साडेबारा मिमीचा. लाईटला दोन बाजूंना स्प्रिंगा असतात. त्या उभ्या दाबून आत सारायच्या, आत गेल्या की फाकतात आणि बोर्डाला वरून धरून बसतात. आमचा गिलावा निघाला 32 मिमी. स्प्रिंगा भोकातच उभ्या राहायच्या, फाकायला जागाच नाही. हात काढला की लाईट खाली. तीनदा झेलला, चौथ्यांदा बादलीत.

परत द्यायला गेलो तर "खोकं फोडलंय, आता कसं घेणार?" बरं, लांब स्प्रिंगेचा दुसरा द्या, पैसे वरून देतो. "मालक गावाला गेलेत, सोमवारी या." सोमवारी गेलो तर मालक लग्नाला. गुरुवारी मालक भेटले आणि म्हणाले, असला माल येतच नाही. हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? तोवर आम्ही भोकांखाली अंघोळ करत होतो. दुपारी पत्र्याची झळ थेट डोक्यावर, आणि एकदा पाल पडली ती आईच्या तांब्याशेजारी.

शेवटी गल्लीतले एक म्हातारे गवंडी मामा आले. त्यांनी भोकात दोन बोटं घालून गिलावा चाचपला आणि म्हणाले, "लाईट कशाला बदलतो, वरून तास की." जिथं स्प्रिंगा येतात तेवढ्या दोनच जागी गिलावा आतल्या बाजूने खरवडायचा. छिन्नीवर हातोडा मारायचा नाही. करवतीच्या पात्याचा तुकडा आणि कानस. आधी पाण्याचा फवारा, म्हणजे चुना भुरभुरत नाही. मध्ये आलेली जाळीची तार पकडीने तोडली. जाडी 18 मिमीवर आली तेव्हा कडांना पाणी घातलेला फेव्हिकॉल दोनदा पाजला आणि रात्रभर सुकू दिला. सकाळी लाईट टक्कन बसला. मी तीन वेळा ओढून बघितला, एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

आता जे आठवेल ते सांगतो. भोक पाडताना ड्रिलचा हातोड्याचा खटका बंद ठेवा, नाहीतर गिलावा ताटाएवढा सुटतो. शॉवरजवळचा लाईट आयपी 65 चा, बाकीचे निदान आयपी 44 चे घ्या. आयपी म्हणजे लाईटमध्ये धूळ-पाणी किती शिरू शकतं त्याचा दर्जा, त्यातला दुसरा आकडा पाण्याचा असतो. भोकाखाली जुनी छत्री उलटी धरायला कुणाला तरी उभं करा, सगळा चुरा तिच्यात पडतो. लाईटचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारी डबी, पत्र्याला टेकू देऊ नका, मे महिन्यात तो पत्रा तवा होतो. सर्किटला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच, ही गोष्ट मी वायरमनच्या भरवशावर सोडली नाही. आणि सगळ्यात आधी करायचं ते मी सगळ्यात शेवटी शिकलो: मोठं भोक पाडण्याआधी बारीक बिटाने एक छिद्र पाडा, वाकवलेली तार आत घालून गोल फिरवा. अडली तर वर रीप आहे. त्याच तारेने गिलाव्याची जाडीही मोजून होते, आणि ती मोजूनच दुकानात जा.

माझं पहिलं भोक रिपेवरच गेलं, धूर निघाल्यावर कळलं. ते चुन्याने बुजवलंय, पण रंग जुळला नाही. लाईट लागले की आईला आधी तोच डाग दिसतो.