तुम्ही विचारलंत म्हणून: पिशवीतलं पत्रक

प्रश्न एकच, विचारणारे दोन बाजूंचे. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, विचारतात, "लोकांसाठी एवढं धावता, पण येशूची सुवार्ता सांगता का?" बाहेरचे विचारतात, "हे सगळं आम्हाला तुमच्या धर्मात ओढायलाच ना?" मंडळीत मी म्हणते, वेळ आली की सांगते. बाहेर म्हणते, छे, तसं काही नाही. दोन्हीकडे मी अंग चोरते.

२०२० मध्ये शेजारच्या काकांना रुग्णालयात न्यावं लागलं. भेटायला कुणालाच परवानगी नव्हती. घरात काकू एकट्या, त्याही विलगीकरणात. त्यांच्या औषधांची पिशवी मी रोज दाराच्या कडीला अडकवायची, बेल वाजवून चार पावलं मागे सरायची. दार किलकिलं व्हायचं, काकू हात जोडायच्या. मागे सरणं म्हणजे विश्वास कमी, असं तेव्हा काही जण म्हणाले. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर शहर सोडून गेला नाही. पण औषध घ्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, असंही त्याने लिहून ठेवलं. त्या चार पावलांचं मला आजही काही वाटत नाही.

वाटतं ते चौथ्या दिवसाचं. त्या दिवशी मी पिशवीत औषधांच्या वर एक पत्रक ठेवलं. घरात गठ्ठा पडून होता, मी धड वाचलंही नव्हतं. पहिलीच ओळ होती, 'आज रात्री तुम्हाला मरण आलं तर?'

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी माझ्याच दाराला टांगलेली. आत औषधांचे पैसे, सुट्ट्यासकट मोजलेले, आणि चार घड्या घातलेलं ते पत्रक. चिठ्ठी नव्हती.

त्याच आठवड्यात काका गेले. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येत होतं. दोनदा मी बेलपर्यंत हात नेला आणि परत फिरले. तिसऱ्यांदा वाजवली. काकूंनी आतूनच विचारलं, "काही द्यायचंय का?"

"नाही, काकू."

"मग बसा."

मी बाहेर पायरीवर बसले, त्या दाराआड. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ते वाचलं ना, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला रुग्णालयातून काहीतरी कळलंय. सांगवत नाहीये म्हणून कागद ठेवलात."

त्यावर मी काय बोलणार होते?

पत्रक ठेवणाऱ्या त्या मला मी अजून माफ केलेलं नाही, पण तिचं म्हणणं खोडूनही काढता येत नाही. मी तिला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय दाखवते: वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर शोमरोनी माणसाने तेल आणि द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले; विश्वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. ती त्याच अध्यायाची सुरुवात माझ्यापुढे धरते: प्रभू येशूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठवलं, आजाऱ्यांना बरे करा म्हणाला, आणि देवाचं राज्य जवळ आलंय हेही सांगा म्हणाला. मी म्हणते, येशूचा शिष्य पेत्र लिहितो की तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्या, तेही सौम्यतेने. काकूंनी कुठे विचारलं होतं? ती म्हणते, तू गप्प राहिलीस तर विचारणार तरी कोण आणि कशावरून? इथे मी अडते.

तेव्हा बाहेरच्यांनो, 'तसं काही नाही' हे माझं उत्तर खोटं होतं. ज्याच्यामुळे मी उभी आहे तो तुम्हालाही भेटावा, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही कधीच त्याच्याकडे वळला नाहीत तरी पिशवी येईल, हेही तितकंच खरं. आणि मंडळीतल्यांनो, पत्रकं मी आता पिशवीत ठेवत नाही. याला तुम्ही भित्रेपणा म्हणता. काही दिवशी तो असतोही.

काकूंकडे माझं जाणं-येणं आहे. प्रभूविषयी मी त्यांच्याशी अजून एक शब्द बोललेले नाही. रोज रात्री त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करते. त्यांना ते माहीत नाही, आणि सांगावं की नाही हे मला ठरवता आलेलं नाही.