काट्यावरचा आकडा संगणकापर्यंत आणताना

आमच्या गावातील दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ सभासदांचे दूध इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजले जाते आणि तो आकडा केबलमधून थेट संगणकात जाऊन पावतीवर छापला जातो. जुना संगणक बंद पडल्यावर नव्या संगणकावर उबंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याचे आणि वजन वाचणारा छोटा प्रोग्राम पायथन या संगणकीय भाषेत लिहिण्याचे काम मी अंगावर घेतले. काटा तोच होता, केबलही तीच होती, त्यामुळे हे काम एका दुपारचे असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत केंद्राच्या सचिवांना वजने वहीत हाताने लिहावी लागली. हाताने लिहिलेल्या वजनावर सभासदाचा विश्वास बसणे अवघड असते. दर दहा दिवसांनी होणारे बिल याच आकड्यांवर निघते, त्यामुळे त्यांची अस्वस्थता मला समजत होती.

काट्याला जुन्या पद्धतीचे, माहिती एकामागून एक बिट (० किंवा १) अशी पाठवणारे सिरीयल पोर्ट आहे आणि ते यूएसबी-सिरीयल केबलने संगणकाला जोडलेले आहे. केबल लावल्यावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत १ए८६:७५२३ हा ओळख क्रमांक दिसला. स्वस्त केबलींमध्ये सर्रास असणाऱ्या सीएच३४० या चिपचा तो क्रमांक आहे. याचा अर्थ केबल शाबूत होती आणि संगणकाने तिला ओळखलेही होते. तरीही प्रोग्रामला हवे असलेले टीटीवाययूएसबी० हे पोर्ट कोठेच नव्हते. मी केबल दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, दुसरी केबल आणून पाहिली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. यात पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, नोंदी उघडून त्या ओळीने ओळ वाचल्या. आदल्या दिवशीही मी त्या पाहिल्या होत्या, पण पोर्ट जोडले गेल्याची ओळ दिसताच वाचणे थांबवले होते. त्याच्या लगेच खाली लिहिले होते की बीआरएलटीटीवाय नावाच्या प्रोग्रामने उपकरणाचा ताबा मागितला आहे, आणि त्यापुढच्या ओळीत पोर्ट तुटल्याची नोंद होती. हे सारे एका सेकंदाच्या आत घडत होते. बीआरएलटीटीवाय हा दृष्टिहीन व्यक्तींच्या ब्रेल पट्टीला (उठावाच्या ठिपक्यांनी अक्षरे दाखवणाऱ्या उपकरणाला) संगणकाशी जोडणारा प्रोग्राम असून तो उबंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत आधीपासूनच बसवलेला असतो. वीस खणांच्या एका ब्रेल वाचकात नेमकी हीच सर्वसाधारण चिप वापरलेली आहे. त्यामुळे हा क्रमांक दिसला की ब्रेल पट्टी जोडली गेली असे समजून तो प्रोग्राम पुढे होत असे आणि आमच्या काट्याचे पोर्ट नाहीसे होत असे.

हा प्रोग्राम काढून टाकावा असा सल्ला अनेक जण देतात आणि एका आज्ञेत ते कामही होते. मला ते पटले नाही. आज या केंद्रावर ब्रेल पट्टी कोणी वापरत नाही, पण उद्या हाच संगणक गावातील एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती जाऊ शकतो, आणि त्या वेळी त्याची पट्टी का चालत नाही हे सांगायला मी तेथे असेनच असे नाही. दोष एका ओळीचा होता, म्हणून तेवढीच ओळ बाजूला केली. ८५ क्रमांकाने सुरू होणारी त्या प्रोग्रामची यूडेव्ह (जोडलेले उपकरण कसे हाताळायचे ते ठरवणारी यंत्रणा) नियमांची फाइल त्याच नावाने ईटीसी या सेटिंगच्या विभागातील नियमांच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली, कारण तेथील फाइल मूळ फाइलच्या जागी वाचली जाते. त्या प्रतीत १ए८६:७५२३ ची ओळ टिप्पणी करून, म्हणजे संगणकाने ती वाचू नये अशी खूण करून, ठेवली आणि नियम पुन्हा वाचायला लावले. केबल काढून परत लावली, तर पोर्ट आले आणि टिकले. पोर्ट उघडण्याची परवानगी नसल्याचा संदेश आला, तेव्हा वापरकर्त्याचे नाव सिरीयल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या डायलआउट गटात घालून लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केल्यावर तोही प्रश्न मिटला.

मग मी काट्यावर पाच किलोचे प्रमाणित वजन ठेवले. पडद्यावर ५.०० उमटले. आकड्याच्या मागे एक अनोळखी चिन्ह येत होते, पण माझा प्रोग्राम अंक आणि दशांशचिन्ह सोडून बाकी सगळे गाळत असल्याने मी तिकडे लक्ष दिले नाही. सचिवांना मी म्हणालो, "अण्णा, संध्याकाळी वही लागणार नाही." त्यांनी काही न बोलता दहा किलोचे वजन उचलून काट्यावर ठेवले. पडद्यावर ०.०० आले.

सैल जोडणी, माहिती पाठवण्याच्या वेगाचा गोंधळ, खराब केबल असे सारे तर्क मनात आले, पण वेग चुकला असता तर पाच किलोसुद्धा बरोबर आले नसते. काट्यामागच्या पट्टीवर मेकॅनिकने २४०० हा वेग लिहून ठेवला होता आणि तोच मी दिला होता. शेवटी कागद घेऊन बसलो आणि अण्णांनी एकेक वजन बदलत मला आकडे सांगितले. एक किलो ठेवले की फक्त .०० दिसे, दोन किलो ठेवले तरी .०० दिसे, आणि दोन्ही एकत्र ठेवली की ३.०० अगदी बरोबर येई. दोन-दोन मिळून चार दिसत नव्हते. पाच आणि एक मिळून सहा दिसत होते, पाच आणि दोन मिळून सात दिसत नव्हते. कागदावर दोन गट तयार झाले. ०, ३, ५, ६, ९ हे अंक येत होते आणि १, २, ४, ७, ८ गळत होते.

केबल खराब असती तर ती अंक निवडून गाळू शकली नसती. हे दोन गट पाहताच पॅरिटीची, म्हणजे चूक पकडण्यासाठी प्रत्येक अक्षरामागे जोडल्या जाणाऱ्या तपासणीच्या बिटची, आठवण झाली. संगणकात १ या अंकाचा संकेत ४९ आहे. द्विमान पद्धतीत तो ०११०००१ असा लिहितात आणि त्यात एक हा बिट तीनदा येतो, म्हणजे विषम वेळा. सम पॅरिटी पाळणारे उपकरण ही संख्या सम करण्यासाठी पुढे आणखी एक बिट लावते. माझा प्रोग्राम आठ बिट आणि पॅरिटी नाही असे गृहीत धरून तो बिट आकड्याचाच भाग समजत होता. त्यामुळे ४९ मध्ये १२८ मिळून १७७ होत असे, आणि १७७ हा अंकाचा संकेत नसल्यामुळे तो गाळला जात असे. ३ च्या संकेतात एक हा बिट चारदा येतो, तेथे जादा बिट शून्य राहतो आणि अंक सुखरूप पोहोचतो. सात बिट आणि पॅरिटी मिळून आठच होतात, म्हणून पुढची अक्षरे सरकतही नव्हती आणि चूक इतकी नीटनेटकी दिसत होती. प्रोग्राममध्ये सात बिट आणि सम पॅरिटी असा बदल केला आणि दहा किलोचे वजन १०.०० झाले. आकड्यामागचे अनोळखी चिन्हही गेले. त्याच्याकडे मी पहिल्याच वेळी पाहायला हवे होते, आणि गाळणी लावण्याआधी आलेले बाइट (आठ बिटांचे गट) जसेच्या तसे छापायला हवे होते.

एवढे झाल्यावरही मी त्या संध्याकाळी पावत्या सुरू केल्या नाहीत, कारण वजन उतरवल्यानंतर एंटर दाबले तरी पडद्यावर आधीचेच १०.०० येत होते. काटा सतत ओळी पाठवत असतो आणि प्रोग्राम एंटर दाबल्यावर एकच ओळ वाचतो. न वाचलेल्या ओळी पोर्टच्या साठ्यात रांगेत थांबतात आणि सर्वांत जुनी ओळ आधी हाती येते. संकलनाच्या वेळी याचा अर्थ एका सभासदाच्या कॅनचे वजन दुसऱ्याच्या नावावर छापले जाणे असा झाला असता. शिवाय आकडा दिसायला निर्दोष असल्याने कोणाला संशयही आला नसता. माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकारातील सर्वांत गंभीर चूक हीच होती. आता प्रोग्राम प्रत्येक वाचनाआधी साठा रिकामा करतो, पहिली अर्धवट ओळ सोडून देतो आणि लागोपाठ तीन ओळी सारख्या आल्याशिवाय वजन स्वीकारत नाही.

तिसऱ्या दिवशी फॅट मशीन त्याच जातीच्या दुसऱ्या केबलने जोडले. दोन्ही केबलींचा क्रमांक एकच आणि स्वतंत्र अनुक्रमांक एकीलाही नाही, त्यामुळे संगणक सुरू झाल्यावर कोणती केबल ० आणि कोणती १ होईल याचा भरवसा राहिला नाही. म्हणून प्रोग्रामला पोर्टच्या क्रमांकाऐवजी संगणकावरील खाचेचा मार्ग दिला आणि त्या दोन खाचांभोवती वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावली.

चौथ्या दिवशी सकाळी पहिल्या वीस सभासदांच्या पावत्या अण्णांनी काट्याच्या पडद्याशी ताडून पाहिल्या आणि वहीतही लिहून ठेवल्या. वीसही जुळल्या. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर वेग २४००, बिट सात, पॅरिटी सम, काटा लाल पट्टीच्या खाचेत आणि फॅट मशीन हिरव्या पट्टीच्या, असे अण्णांच्या अक्षरात लिहिलेले आहे.