पाणी शोधलं, पुणे सापडलं

मराठी मजकुरावर चालणाऱ्या छोट्या शोधयंत्राला वेबपान जोडायला दोनच फाइली पुरल्या: फ्लास्कची (पायथनमध्ये वेबपानं बनवायची चौकट) एक, एस्क्यूलाइटची (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) एक. जावास्क्रिप्ट नाही, वेबफाँट नाही. देवनागरी फाँट मोबाइलमध्ये असतोच. फॉर्मची मेथड 'गेट' ठेवली, त्यामुळे शोधशब्द पत्त्यातच राहतो, बॅक बटण नीट चालतं आणि लिंक कुणालाही पाठवता येते. निकाल १० दाखवायचे, पण मागायचे ११. अकरावा आला तरच 'पुढे' दिसतं. एकूण निकाल मोजणारी वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) वाचते.

खरा वेळ गेला तो शब्द तोडण्यात. एफटीएस५ या एस्क्यूलाइटच्या मजकूर-शोध सोयीतला युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मुळात अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नव्हेत, 'मार्क' आहेत. तिथे तो शब्द कापतो. 'पाणी'चं उरतं 'प' आणि 'ण'. 'पुणे'चंही तेच! टेबल बनवतानाच टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' या पर्यायात एमएन आणि एमसी हे मार्कांचे दोन गट घालावे लागतात. मागाहून लक्षात आलं, तर टेबल नव्याने बांधून सगळा मजकूर परत भरायचा.

'वऱ्हाड'मधला अर्धा र लोक दोन तऱ्हेने टंकतात: ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. तो जोडक वरच्या गटांत नाही, म्हणजे शब्द तिथेही तुटतो. मी दोन्ही रूपं ऱ वर आणतो, मजकुरात आणि शोधशब्दातही. एकीकडेच केलं तर काहीच सापडत नाही.

मग सामान्यरूप. 'पाणी*' (* म्हणजे पुढे काहीही चालेल) लिहून 'पाण्यात' मिळत नाही. शेवटची मात्रा काढून 'पाण*' करावं लागतं. त्यात पाणकोंबडीही येते, म्हणून अख्ख्या शब्दाचे निकाल १० पेक्षा कमी पडले तरच ही युक्ती. 'मी'सारख्या शब्दाला ती लावू नये, 'म*' म्हणजे अर्धा कोश.

प्रत्येक शोधशब्द दुहेरी अवतरणात घालावा, आतलं अवतरण दोनदा लिहून. नाहीतर एखाद्या कंसानेही क्वेरी कोसळते. उताऱ्यातला शब्द ठळक करताना 'स्निपेट'ला (उतारा काढून देणारं एफटीएस५ चं फंक्शन) थेट एचटीएमएल टॅग देऊ नयेत. मजकुरात कधीच न येणारी दोन नियंत्रणचिन्हं द्यावीत, उतारा एस्केप करावा (त्यातली एचटीएमएलची चिन्हं साधी अक्षरं म्हणून दिसतील अशी करावीत) आणि मगच त्या चिन्हांच्या जागी टॅग बसवावेत. क्रम उलटा झाला तर पानावर टॅगच छापलेले दिसतात.