आमची वाटचाल : दाग तसाच ठेवला

देसाईगंजला, म्हणजे आपल्या वडशात, 2009 साली दुकान टाकलं तेव्हा लग्नाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो एवढंच काम होतं. पण वडसा हे झाडीपट्टी नाटकांचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचं गाव. दिवाळी आली की कंपन्यांच्या ऑफिसांत तारखा लागतात, कलावंतांची वर्दळ सुरू होते. त्यातल्याच एका खलनायकानं आम्हाला पहिलं कॉम्प कार्ड, म्हणजे काम मागताना दाखवायचं फोटो नि मापांचं कार्ड, करायला लावलं. नागपुरात बियाण्याच्या जाहिरातीसाठी शेतकरी हवा होता, आणि याच्याजवळ दाखवायला नाटकाच्या पोस्टरशिवाय काही नव्हतं.

साडेपाच बाय साडेआठ इंची कार्ड. पुढं चेहरा नि नाव, मागं चार फोटो, उंची, छाती, कंबर, बुटाचा नंबर. निकॉन डी-90 ला 50 एमएमची लेन्स लावली. त्या कॅमेऱ्यावर ती 75 सारखी चालते, चेहऱ्याच्या फार जवळ जावं लागत नाही, म्हणून फोटोत नाक फुगत नाही. एका बाजूला उत्तरेची खिडकी, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला बायकोनं थर्माकोलची शीट धरलेली. त्याच्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण होता. फोटोशॉपमध्ये तो पुसायला घेतला तसा त्यानं माझा हात धरला. "दाग नोको काढू भाऊ. थ्यानंच तं मले काम भेटते."

जाहिरात त्याला मिळाली. मग त्यानं अख्खी कंपनी माझ्याकडे पाठवली.

2015 मध्ये माझ्याकडेच चार वर्षं शिकलेल्या मुलानं दोन दुकानं सोडून स्टुडिओ उघडला. गिऱ्हाइकांचे नंबर माझ्याच वहीतले. भाव निम्मा, कागद पातळ, आणि प्रत्येक चेहरा दोन शेड गोरा. लोक तिकडं वळले. त्या सीझनला आमच्याकडं मोजून सहा कार्डं झाली. मऊ उजेडाचे दोन्ही सॉफ्टबॉक्स विकले, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. हे मी अजून विसरलो नाही.

त्या नव्या स्टुडिओतलंच कार्ड घेऊन जवळच्या गावची एक पोरगी मुंबईला ऑडिशनला गेली. कार्डावरची मुलगी ही नव्हेच, म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. तिचे वडील तिला घेऊन माझ्याकडं आले. सावळा रंग आहे तसा ठेवून मी कार्ड नव्यानं केलं, पैसे घेतले नाहीत. तरी गिऱ्हाईक परतायला दोन सीझन गेले.

नवीन पोरांना सांगतो : केस कापले, मिशी काढली की कार्ड बदला. प्रेसला फाईल 300 डीपीआयची, इंचाला 300 ठिपक्यांची द्या, म्हणजे या कार्डाला 1650 बाय 2550 पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट करूनच पाठवा, नाहीतर फाटतो. आणि कार्डाच्या पैशात रोल मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आमचा खलनायक अजून दर पोळ्यानंतर येतो. यंदा कमरेला टेप लावला तर चाळीस भरली. मी पेन उचलून थांबलो.

"चाळीसच लिही," म्हणाला.