पासवर सही माझीच होती

मुकादमांनी मला सकाळी गेटवरच गाठलं. "मॅडम, काल संध्याकाळी सेंट्रिंगवाले मामा परांचीवरून पडले. रेतीवर पडले म्हणून वाचले. पण पिऊन होते असं सगळे म्हणतात. तुम्ही तसं लिहून द्या, म्हणजे मी त्यांना कामावरून कमी करतो."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या साइटवर उंचीवर चढणाऱ्या प्रत्येकाचा तोल आधी मी तपासते, मगच त्याला हाइट पास मिळतो. मामांचा पास काढून पाहिला. तीन महिन्यांपूर्वीचा होता आणि खाली सही माझीच होती. पोटात खड्डा पडला.

रात्री डॉक्टरांनी मामांना तपासलं होतं. खांद्याला मुका मार, हाड शाबूत. दारूचा वास नाही, असंही त्यांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद मुकादमांच्या खिशातच होता. त्यांनी तो उघडून पाहिला नव्हता.

मामा आले. पन्नाशीचे, काटक, पंचवीस वर्षं सेंट्रिंगमध्ये, म्हणजे स्लॅबचे साचे बांधण्यात काढलेली. मी नेहमीच्या तपासण्या सुरू केल्या. एका पायावर उभे राहा, राहिले. जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीवरून टाचेला चवडा लावत चाला, चालले. पाय जुळवून डोळे मिटा. थोडे झुलले, पण उभे राहिले. आजही मी त्यांना पास दिला असता.

मग एक साधी गोष्ट नजरेत आली. भिंतीवरचा सूचनाफलक वाचायला सांगितला तेव्हा मामा चालता चालता थांबले, थांबून वाचला आणि मग पुढे निघाले. मी म्हटलं, "न थांबता वाचा बरं."

"चालताना अक्षरं हलतात, ताई. थांबलं की नीट दिसतात. नंबर वाढला असेल चष्म्याचा."

चष्म्याच्या नंबराने अक्षरं पुसट होतात, पावलागणिक उड्या मारत नाहीत. आपण चालतो तेव्हा डोकं सारखं हलत असतं, तरी समोरचं जग स्थिर दिसतं. कारण आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची हालचाल टिपतात आणि त्याच क्षणी डोळे तितकेच उलट दिशेला वळवले जातात. मी मामांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, माझ्या नाकाकडे बघत राहायला सांगितलं आणि मान झटकन जराशी उजवीकडे वळवली. डोळे माझ्या नाकावर टिकायला हवे होते. ते डोक्याबरोबर वाहत गेले आणि मग उडी मारून परत आले. डावीकडेही तेच.

कोपऱ्यात कुठल्याशा मशिनच्या खोक्यातला जाड फोम पडलेला होता. मामांना त्यावर उभं केलं, मुकादमांना पाठीमागे, मी पुढे. "मिटा डोळे."

तोल जाताना माणूस हात पसरतो, पाऊल पुढे टाकतो. मामांचे हात मांडीपासून उठलेच नाहीत. कापलेलं झाड जावं तसे ते सरळ मागे गेले. मुकादमांनी त्यांना काखेत धरून पेललं. मामांनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं?" आपण पडत होतो हे त्यांना कळलंच नव्हतं.

तोलाला तीन आधार असतात: डोळे, पायांतून आणि सांध्यांतून येणारी जाणीव आणि आतला कान. तिसरा गेला तरी उजेडात, घट्ट जमिनीवर पहिल्या दोघांवर निभावतं. माझी तपासणी व्हायची ती नेमकी तिथेच, दिवसाउजेडी, गुळगुळीत फरशीवर. फोमने पायांखालची खबर पुसट केली, मिटल्या डोळ्यांनी दुसरा आधार काढून घेतला, आणि तिसरा नव्हताच.

"मामा, मोठं आजारपण झालं होतं का? सुया घेतल्या होत्या?"

काही वर्षांपूर्वी क्षय उलटला होता, तेव्हा दोन महिने कमरेत सुया. त्यानंतर कित्येक दिवस झोकांड्या जात होत्या. अशक्तपणा म्हणून सोडून दिलं. स्ट्रेप्टोमायसिनने असं होऊ शकतं. ते जंतू मारतं, पण आतल्या कानातल्या तोलाच्या नाजूक पेशीही मारू शकतं, आणि ऐकू येणं बहुतेक वेळा तसंच राहतं. म्हणून कुणाला कानाची शंका येत नाही. दोन्ही बाजू सारख्याच गेल्या तर गरगरतही नाही. 1952 साली अशाच एका रुग्णाने, तो स्वतः डॉक्टर होता, लिहून ठेवलंय की अंथरुणात पडून वाचायचं तर डोकं पलंगाच्या दोन गजांमध्ये अडकवावं लागे, कारण नाडीच्या ठोक्यानेसुद्धा अक्षरं उडत. शिकताना हे वाचलं होतं. तरीही मामांना पास देताना सुयांबद्दल विचारायचं मला सुचलं नाही.

आदल्या संध्याकाळचा एकेक तुकडा मग जुळत गेला. दुसऱ्या दिवशी स्लॅब भरायचा होता म्हणून काम लांबलं. अंधारून आलं, हॅलोजन लावलेले नव्हते. परांचीची फळी जुनी, पावलाखाली लचकणारी. हातात प्लायवूड, त्यामुळे स्वतःचे पाय दिसेनात. बेल्ट अंगावर होता, हूक अडकवलेला नव्हता. 2 मीटरवरून खाली यायला सेकंदाचे दोन तृतीयांशही लागत नाहीत. एरवी मामा दिवस कलला की काही ना काही निमित्त काढून खाली उतरायचे, जिन्यात भिंतीला बोटं लावून चालायचे. त्यांचं त्यांनी ओळखलं होतं.

"मग आधी का नाही सांगितलं?" मुकादम चिडले.

"सांगितलं असतं तर पास दिला असता का?"

यावर मी काय बोलणार? माझ्या खोलीत येणारा प्रत्येक जण आपलं दुखणं दाराबाहेर ठेवून आत येतो, कारण आत त्याची रोजी पणाला लागलेली असते.

पास मी रद्द केला. मामा रागावून गेले, पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना काढू नये, खालीच काम द्यावं म्हणून ठेकेदाराकडे मला तीनदा जावं लागलं. सेंट्रिंगचा माल मोजून देण्याचं काम मिळालं, रोजची मजुरी कमी झाली. मेलेल्या पेशी परत येत नाहीत हे मी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं. मेंदू उरलेल्या आधारांवर जास्त भिस्त ठेवायला शिकू शकतो, तेवढंच. अंगठा समोर धरून नजर त्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची, हा व्यायाम ते मालाच्या ढिगाशेजारी उभं राहून करतात. पाण्याखाली डोकं घालून पोहायचं नाही, हेही बजावलं; तिथे वर कुठे आणि खाली कुठे हेच त्यांना कळणार नाही.

तपासणी मी बदलली. आता फोम आहे, हातात ओझं देऊन चालवणं आहे, मान वळवत चालणं आहे, सुयांचा प्रश्न आहे. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटाही ठेवते. त्याची थरथर एका तरुण फिटरला पायाच्या अंगठ्यावर जाणवलीच नाही. त्याची साखर बेसुमार वाढलेली निघाली. पण माझा पास म्हणजे कठडा नव्हे. धडधाकट माणूसही अंधारात लचकत्या फळीवरून पडतो, आणि त्या संध्याकाळी मामांच्या कानाआधी फळी आणि दिवा चुकले होते, हे मी अहवालात पहिल्या ओळीत लिहिलं.

फळ्या बदलल्या. हॅलोजन आता दिवस मावळायच्या अर्धा तास आधी लागतात. ते लावायचं काम मामांनी स्वतः मागून घेतलं. वरची माणसं खाली उतरेपर्यंत ते बटणापाशीच उभे असतात.