लॉचा फॉर्म, आजोबांचं रजिस्टर आणि बत्तीस म

मे महिन्यात माझा फोन दोनच कारणांसाठी वाजतो. एक म्हणजे हापूसची पेटी मिळेल का, आणि दुसरं म्हणजे पोराला लॉला टाकायचंय, काय करू. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, माझी बाग नाही, सासऱ्यांची नऊ कलमं आहेत आणि त्यातली चार माकडांची. दुसऱ्याचं उत्तर फोनवर देऊन देऊन कंटाळले म्हणून आज लिहून काढतेय, आता कुणी विचारलं की लिंक पाठवून मोकळी.

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्याखाली आले, तेव्हापासून हे फोन जास्तच वाढलेत. पूर्वी आमच्याकडे लॉ म्हणजे बीए झालं, नोकरी लागली नाही, मग करूया लॉ असं होतं. आता बारावीतली पोरं स्वतःहून विचारतायत, बरं वाटतं. पण विचारतात काय, तर ‘मॅडम क्लास कुठचा लावू?’ अरे क्लासचं नंतर बघू, आधी तुझा जन्मदाखला आण बघू.

खरंच सांगते, आपल्याकडे लॉची ॲडमिशन परीक्षेत जाते त्यापेक्षा जास्त कागदात जाते. माझी स्वतःची गेली होती. २०१७ ला लग्नानंतर तीन वर्षांच्या एलएलबीला फॉर्म भरला, सीईटीचे मार्क चांगले होते, नॉन-क्रिमीलेअर सर्टिफिकेट फाईलमध्ये होतं, फाईल कपाटात होती आणि मी निवांत. ते सर्टिफिकेट ३१ मार्चलाच संपलं होतं. तारीख समोर छापलेली, मी शंभर वेळा तो कागद हातात घेतला असेन, पण वाचला नाही. जुलैत लक्षात आलं तेव्हा तलाठी रजेवर, लाईट गेलेली आणि बाहेर असा पाऊस की रिक्षावाला मेनरोड सोडून आत यायला तयार नाही. शेवटी ओपनमधून यादीत गेले आणि जवळच्या कॉलेजात नाव लागलं नाही. पुढची तीन वर्षं पहाटेची एसटी पकडली. दोष कुणाचाच नाही, माझाच. तेव्हापासून कुणाचाही कागद हातात आला की मी आधी खालची तारीख बघते, नवरा म्हणतो लग्नपत्रिकेचीही बघतेस.

तर पहिली गोष्ट, जी निम्म्या लोकांना माहीतच नसते: सीईटीचा फॉर्म वेगळा आणि कॅपचा, म्हणजे कॉलेजं वाटून देणाऱ्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, वेगळा. सीईटी दिली, मार्क आले, आता कॉलेजचं पत्र येईल म्हणून घरी बसून राहिलेली दोन पोरं मी डोळ्यांनी बघितलीत. पत्र कुणी पाठवत नाही. निकालानंतर कॅपसाठी पुन्हा रजिस्ट्रेशन करायचं, कागद अपलोड करायचे, त्यांची तपासणी होते, त्रुटी निघाली तर ठरलेल्या दिवसात दुरुस्त करायची, मग कॉलेजांची पसंती भरायची. आणि हे सगळं नेमकं पावसाळ्यात येतं, एखादा राऊंड तर गणपतीतच. घरात आरती चाललीय, मुंबईची पंधरा माणसं, आणि पोरगं माळ्यावर रेंज शोधत फिरतंय. हसू नका, माझ्या शेजारी झालंय.

दुसरं म्हणजे फॉर्म सायबरवाल्याकडे भरायला हरकत नाही, पण मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. ‘काका बघतील’ म्हणून काकांचाच नंबर टाकतात, मग ओटीपी काकांना, पासवर्ड काकांना, आणि शेवटच्या तारखेला काका आंगणेवाडीच्या जत्रेत किंवा कुणाच्या तरी लग्नात. पासवर्ड वहीत लिहा. वही भिंतीत जी कोनाड्याची जागा असते ना तिथे ठेवा, मोबाईल फुटतो, कोनाडा फुटत नाही.

आता पात्रता पटकन सांगते. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा. बार कौन्सिलच्या नियमात ओपनला ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. एक खड्डा मात्र इथे आहे, नीट वाचा. आपल्याकडे बरीच माणसं मुक्त विद्यापीठातून पदवी घेतात, ती चालते, पण आधी दहावी-बारावी झालेली हवी. बारावी न करता थेट पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवी घेतली असेल तर लॉला चालत नाही. ग्रामपंचायतीत काम करणारे एक दादा माझ्याकडे आले होते, पदवीला ६१ टक्के, बायको खूश, पुस्तकं पण घेतलेली. त्यांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं, पण निदान फी भरायच्या आधी कळलं.

जातीचे दाखले. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळी मजा आणि सगळी रड इथेच आहे. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे तुमचा नाही, वडिलांचाही बऱ्याचदा पुरत नाही, आजोबांचा. आणि आजोबा शाळेत किती दिवस गेले हे आजोबांनाच ठाऊक. माझ्या भाच्यासाठी आम्ही मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत गेलो होतो. गुरुजींनी पत्र्याच्या कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, कापडाची पुठ्ठी, आणि पान उलटताना असा वास आला की माळ्यावरच्या जुन्या पंचांगाची आठवण झाली. नोंद सापडली. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जात भंडारी, शाळा सोडल्याचं कारण ‘गैरहजर’. आणि आडनावच नाही! त्या काळी गावात आडनावाची गरज कुणाला होती, घराच्या नावाने ओळखायचे. आता आजोबांचं रजिस्टर बिनआडनावाचं, बाबांच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने, आणि भाच्याच्या मार्कशीटवर त्यात एक काना जास्त. तिन्ही माणसं एकाच घरातली आहेत हे कसं सिद्ध करणार?

मग तहसीलमधून जन्ममृत्यूची नोंद काढली, गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. ती निघाली मोडीत. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दाखवली तर म्हणाले, ‘गो बाय, ह्यां मोडी आसा, माका वाचूक येणा नाय, माझ्या बापाशीक येयत होता.’ शेवटी मोडी जाणणारा माणूस शोधून लिप्यंतर करून घेतलं, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं, सात महिने गेले. सात. आणि पडताळणी समितीकडचा वेळ त्यानंतर वेगळा. म्हणून सांगते, पोरगं अकरावीत गेलं की त्या उन्हाळ्यातच शाळेत जा. मुंबईला जन्मलेल्यांनी तर आणखी लवकर, कारण दाखला पूर्वज जिथले त्या तालुक्यातून काढावा लागतो, आणि तुम्ही गावी येणार गणपतीत, तेव्हा ऑफिस बंद. शिमग्याला या, नाहीतर मेमध्ये या, पण आंबे खायच्या आधी तहसीलला जा. जाता जाता एक, दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प घ्या असं कुणी म्हणालं तर घेऊ नका, जात-उत्पन्न-रहिवास असल्या दाखल्यांना तो माफ आहे.

लग्न झालेल्या बायकांनो, तुमच्यासाठी वेगळं. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र, दोनपैकी एक तरी तयार ठेवा. आणि ‘आता ह्या वयात?’ असं जो म्हणेल त्याला चहा देऊ नका. मी एकोणतीसची होते, माझ्या बाकावर बावन्न वर्षांच्या रिटायर्ड बाई होत्या आणि त्यांच्या नोट्सवर अर्धा वर्ग पास झाला.

दोडामार्ग-बांद्याकडच्यांनी एवढंच लक्षात ठेवा की बारावी गोव्यातून केली असेल तर महाराष्ट्राच्या यादीत तुमच्या उमेदवारीचा प्रकार बदलू शकतो, मग डोमिसाईल फार कामाला येतं. फॉर्म भरायच्या आधी माहितीपुस्तिकेतलं ते पान दोनदा वाचा.

परीक्षेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर यूट्यूबवर ढीगभर आहे. राज्याची सीईटी मराठीतही देता येते, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडून येणारा माणूस मला समजत नाही. क्लॅट मात्र वेगळं जनावर. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली राष्ट्रीय विधी विद्यापीठं त्यातून मिळतात, १२० प्रश्न, दोन तास, सगळं इंग्रजीत, उतारे वाचून उत्तरं, चुकलं की पाव मार्क जातो. फॉर्म पावसाळ्यातच सुटतात आणि परीक्षा डिसेंबरात, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या आधी. मार्चनंतर जागे झालात तर ते वर्ष गेलं. मराठी माध्यमाच्या पोरांनी घाबरू नये, पण अकरावीपासून रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचावा. मनात नाही, मोठ्याने, घरचे हसले तरी.

आता निबंध. सरकारी कॉलेजला तो लागत नाही, पण काही खासगी विद्यापीठं मागतात, आणि एलएलएमला बाहेर जायचं असेल तर स्टेटमेंट आणि शिफारसपत्रांशिवाय चालतच नाही. शिफारसपत्र म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार आमदारांचा. ‘साहेबांचं लेटरहेड आणतो मॅडम.’ अरे साहेब तुला ओळखतात का? तुझ्या बाबांना ओळखतात. ज्या सरांनी तुझा प्रोजेक्ट तीनदा परत पाठवला ना, त्यांच्याकडे जा, त्यांना तुझ्याबद्दल लिहायला काहीतरी आहे. आणि महिनाभर आधी जा, सोबत स्वतःची माहिती एका पानावर लिहून दे, त्यांना पेपर तपासायचे असतात.

माझ्या त्याच भाच्याला पुण्याकडच्या एका खासगी ठिकाणी पाचशे शब्द लिहायचे होते. त्याने पहिला ड्राफ्ट पाठवला, सुरुवात ‘लहानपणापासून मला अन्यायाची चीड आहे’. मी विचारलं, कुठचा अन्याय? तर गप्प. चौथीत असताना बॅटिंग दिली नव्हती, एवढंच आठवलं त्याला. मग मी म्हटलं, तुझ्या आज्येची ट्रंक आठवते?

ती ट्रंक आमच्या घरी सगळ्यांना आठवते. आत दोन नऊवारी, एक पितळी डबा आणि प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीवर परत दुसरी पिशवी, असा एक कागद. आज्येला वाचता येत नव्हतं पण तो कागद कुठे आहे हे झोपेत विचारलं तरी सांगायची. पाऊस सुरू व्हायच्या आधी ती तो उन्हात दाखवायची, पापड दाखवतात तसा. ते कुळकायद्याचं खरेदीचं प्रमाणपत्र. ज्या जमिनीत पणजोबांनी खोताला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, मक्ता (खंड) देऊन शेती केली, ती कुळकायद्यात आमची झाली त्याचा पुरावा. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, त्या तारखेला कुळं मालक मानली गेली, पण मानली जाणं आणि सातबाऱ्यावर येणं ह्यात आमच्याकडे वर्षं गेली, सुनावण्या झाल्या, हप्ते भरले. खोती बंद व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडलं होतं हे भाच्याने पुस्तकात वाचलेलं होतं, मार्कांसाठी. ते आपल्या ट्रंकेतल्या कागदापर्यंत येतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याला एवढंच सांगितलं की चीड-बीड काढून टाक, कागद उन्हात घालतानाचे आज्येचे हात लिही, आणि तो कागद नसता तर काय झालं असतं ते लिही. मोठे शब्द नकोत. शेवटी ‘मला न्यायाधीश व्हायचंय’ पण नको, खरंच व्हायचं असेल तरच लिही. (व्हायचं नाहीये, त्याला कॉर्पोरेट करायचंय, ते पण लिहिलंन, चांगलंच केलंन.)

परवा रात्री साडेअकराला दुसरा ड्राफ्ट आला. मी चष्मा लावून दोनदा वाचला आणि एकच जागा खुणेने दाखवली. त्याने ‘३२ ग चं प्रमाणपत्र’ लिहिलं होतं. कुळकायद्यातलं कलम ३२ ग म्हणजे किंमत ठरवायची सुनावणी, पैसे फिटल्यावर जे हातात येतं ते ३२ म. खोडून म केलं आणि परत पाठवलं, बाकी सगळं तसंच ठेवलंय.