अंड्यांपेक्षा उमेदवार जास्त हवेत

वडोदरा, रविवार, रात्र

काही काल्पनिक जगांत लोक वर्षानुवर्षं रोलप्ले करतात (एकेक पात्र घेऊन ऑनलाइन मिळून गोष्ट लिहितात), फॅनफिक म्हणजे त्या जगावर स्वतःच्या गोष्टी लिहितात. काही जगं मात्र एकदा वाचली की कपाटात जातात. असं का, हा प्रश्न आज दिवसभर डोक्यातून जात नाहीये. 'गोष्ट भारी असते म्हणून' हे नेहमीचं उत्तर पुरत नाही. राजपुत्र शाप मोडतो, राक्षस मरतो, गोष्ट संपते. कितीही भारी असली तरी अशा जगात पाचव्या माणसाने येऊन करायचं काय? लिहिणारी मंडळी टिकतात ती अनोळखी माणसालाही उभं राहायला जागा असते अशा जगात.

आपल्या जुन्या वडोदरा शहराचा आराखडा आठवला की हे लगेच पटतं. मध्ये मांडवीचा चौक, चार बाजूंना चार दरवाजे: लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. समजा प्रत्येक दरवाजाचं एक घराणं आहे, त्याचा एक हुन्नर आहे आणि शेजारच्या दरवाजाशी जुनं वाकडं आहे. 'तू कुठल्या दरवाजाचा?' एवढ्या एका उत्तरात नव्या माणसाचं पात्र अर्धं तयार होतं. हॅरी पॉटरच्या शाळेची, हॉगवर्ट्सची, चार घरं हेच काम करतात. पण खरी मेख मांडवीत आहे. सगळ्यांना रोज जिथून जावंच लागतं अशी सामायिक जागा नसेल, तर चार गट चार कोपऱ्यांत आपापलं लिहीत बसतात आणि महिन्याभरात लिहायची ऑनलाइन चॅनेल ओस पडतात. गट ३ ते ६ असावेत. दोनच असले की नुसती लढाई चालते, आणि दहा केले तर प्रत्येकात एकच माणूस उरतो.

याचा सर्वांत पक्का नमुना म्हणजे अ‍ॅन मॅककॅफ्री यांच्या कादंबऱ्यांतला पर्न हा काल्पनिक ग्रह. पहिली कादंबरी १९६८ची, आणि तिथल्या ड्रॅगनस्वारांवर रोलप्ले करणारे आजही आहेत. ड्रॅगनचे रंग पाच: सोनेरी, कांस्य, तपकिरी, निळा, हिरवा. तापलेल्या वाळूवर अंडी, भोवती पांढऱ्या झग्यातले उमेदवार. अंडं फुटतं, पिल्लू धडपडत बाहेर येतं आणि आपला स्वार स्वतः निवडतं. सोनेरी अंडं मोठं असल्यामुळे आधीच ओळखू येतं. बाकीच्यांचा रंग फुटेपर्यंत कळत नाही. रोलप्लेसाठी याहून चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही. सगळ्यांना एकाच वेळी बोलावता येतं, प्रत्येकाच्या पोटात गोळा असतो आणि पात्राचं आयुष्य एका क्षणात बदलतं. शिवाय पुढच्या हंगामात तो पुन्हा भरवता येतो.

तो भरवताना हिशेब मात्र नीट हवा. अंडी ६ असतील तर उमेदवार ८ किंवा ९. सगळ्यांनाच ड्रॅगन मिळणार हे कळलं की प्रसंगातली धाकधूक जाते, आणि १५ जणांत ६ अंडी ठेवली तर उरलेले ९ दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत. न निवडलेल्यांना त्याच रात्री हातात काम द्यावं: वैद्य, विणकर, शाहीर, नाहीतर पुढच्या खेपेचा उमेदवार. सोनेरी अंडं एकच ठेवावं आणि ते तीन-चार महिने नेमाने लिहिणाऱ्यालाच द्यावं, कारण सोनेरी राणीची स्वार म्हणजे वस्तीची प्रमुख. चार राण्या झाल्या की चार प्रमुख होतात, आणि हुकूम ऐकायला कुणी राहत नाही. बाकीचे रंग चिठ्ठ्या टाकून ठरवावेत. पिल्लांचे परिच्छेद मॉडरेटरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आधी लिहून ठेवावेत, उमेदवाराचं उत्तर १०० शब्दांच्या आत असावं, म्हणजे सगळं दोन तासांत उरकतं. मध्येच कुणाचं नेट गेलं तर त्याचं अंडं शेवटी फोडायचं.

दुसरी गोष्ट, रिकामा काळ. पर्नवर साधारण ५० वर्षं आकाशातून जीवघेणं सूत पडतं, मग जवळपास २०० वर्षं शांतता. मूळ गोष्ट सुरू होते ती ४०० वर्षांच्या लांबलेल्या शांततेनंतर. एवढी मोकळी शतकं लेखिकेने ठेवलीत की तिच्या एकाही पात्राला धक्का न लावता आपली वस्ती वसवता येते. हॅरी पॉटरच्या जगातही फॅनफिकवाल्यांचा मोठा घोळका हॅरीच्या वडिलांच्या पिढीत, १९७१ ते १९७८ च्या शाळेत, रमतो. त्या मुलांबद्दल पुस्तकांत थोडकंच आहे, आणि तेवढं थोडकंच लागतं.

जादूला किंमत हवी, हेही तितकंच खरं. पर्नचा ड्रॅगन क्षणात कुठेही पोहोचतो, पण स्वाराच्या मनात त्या ठिकाणाचं चित्र लख्ख नसेल तर दोघंही दोन ठिकाणांच्या मधल्या गारठ्यात कायमचे हरवतात. रोलप्लेत हा नियम जसाच्या तसा वापरता येतो: उडी मारण्याआधी ठिकाणाचं वर्णन चार ओळींत लिहायचं, नाही लिहिलं तर उडी नाही. 'माझ्या पात्राला सगळं जमतं' म्हणणारा लेखक याने आपोआप आवरतो, आणि वर्णन लिहायची सवय लागते ती वेगळीच.

आपल्या बाजूला देवकीनंदन खत्रींची १८८८ची हिंदी कादंबरी 'चंद्रकांता' आहे: नौगढ, विजयगढ, चुनार ही राज्यं, आणि वेष पालटणारे, बेशुद्ध करणारे, लखलखा नावाचं औषध हुंगवून शुद्धीवर आणणारे ऐयार, म्हणजे राजांचे हेर. या जगावर मराठीत रोलप्ले व्हावा असं मनापासून वाटतं. अडचण वेषांतराची. लेखकाला माहीत असलेलं पात्राला माहीत नसतं, आणि हे भान सुटलं की सगळे ऐयार पहिल्याच पोस्टमध्ये पकडले जातात. म्हणून वेषांतर फक्त मॉडरेटरला खासगीत कळवायचं आणि तिसऱ्या पोस्टपर्यंत कुणी ओळखायचं नाही.

आता नावांचं. पर्नमध्ये ड्रॅगन मिळाला की पुरुष स्वाराचं नाव आखडतं. इंग्रजीत पहिल्या अक्षरानंतर वर एक चिन्ह देतात. देवनागरीत ते चिन्ह डोळ्यांना खुपतं. पण आपल्याकडे जोडाक्षर आहे! पहिल्या अक्षराचा स्वर काढला की झालं: सुमंतचा स्मंत, गिरीशचा ग्रीश, पुरंदरचा प्रंदर. उच्चारायला सोपं, आणि नाव बदलल्याचं कानालाही कळतं. फक्त र ने सुरू होणारी नावं टाळावीत. रमेशचा स्वर काढला की र चा रफार होऊन म च्या डोक्यावर चढतो, आणि 'र्मेश' कुणाला वाचता येत नाही. अशा उमेदवाराला नाव घेतानाच सांगून ठेवावं, ड्रॅगन मिळाल्यावर नाही.